प्राचीन रोमन नाणी कशी ओळखावीत, कशी जपावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन नाण्यांबद्दल वाचक सतत जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. सगळे वाचायला वेळ नसेल तर प्रश्न २ आणि १५ तेवढे वाचाच. दोन हजार वर्षे जमिनीत टिकलेली नाणी हाती आल्या आल्या घरातल्या सिंकमध्ये खराब होतात, आणि ते नुकसान पुन्हा भरून काढता येत नाही.

१. रोमन नाणे म्हणजे नेमके कोणत्या काळातले?

ढोबळमानाने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून इ.स. पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचे. याचे दोन भाग पडतात. पहिला प्रजासत्ताकाचा: देनारियस हे चांदीचे नाणे इ.स.पूर्व २११ च्या सुमारास सुरू झाले, त्यावर बहुतेक वेळा शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवीचे किंवा दुसऱ्या एखाद्या देवतेचे मस्तक असते. दुसरा सम्राटांचा: पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापासून पुढे दर्शनी बाजूला सत्ताधाऱ्याचा किंवा त्याच्या घरातल्या कोणाचा तरी चेहरा. हयात माणसाचा चेहरा रोम शहराच्या नाण्यावर घालण्याची प्रथा ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व ४४ मध्ये पाडली. पाचव्या शतकानंतरची पूर्वेकडची नाणी अभ्यासक ‘बायझंटाइन’ म्हणून वेगळी धरतात.

२. नाणे हातात आले आहे. सर्वांत आधी काय करू?

धुवू नका, पुसू नका, नखाने खरवडू नका. टेबलावर मऊ कापड पसरा आणि नाणे कडेने धरून त्याच्यावरच हाताळा, म्हणजे सुटले तरी फरशीवर पडणार नाही. जुनी चांदी पडली की काचेसारखी तुटते (का, ते प्रश्न १७ मध्ये).

मग चार गोष्टी नोंदवा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन. सोनाराकडे असा काटा असतोच. व्हर्नियरने व्यास, पण प्लास्टिकचा व्हर्नियर वापरा, लोखंडी जबडा ओरखडा पाडतो. तिसरे म्हणजे दोन्ही बाजूंची दिशा: चेहरा सरळ धरून नाणे उभ्या अक्षावर फिरवा आणि मागचे चित्र सरळ येते की उलटे ते पाहा. चौथे म्हणजे फोटो. उजेड एका बाजूने, अगदी खालून आडवा टाकला की डोळ्यांना न दिसणारी झिजलेली अक्षरेही सावलीत उठून येतात. फ्लॅश समोरून मारला की सगळे सपाट दिसते.

३. वजन आणि धातूवरून नाण्याचे नाव कळते का?

सम्राटांच्या पहिल्या दोन शतकांत बऱ्यापैकी कळते. सोन्याचा ऑरियस ऑगस्टसच्या काळात पावणेआठ-आठ ग्रॅमचा, नीरोनंतर सव्वासात ग्रॅमच्या आसपास. चांदीचा देनारियस आधी ३.८ ग्रॅमच्या आगेमागे, इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन आणि चांदी दोन्ही कमी केले, तेव्हा तो ३.४ ग्रॅमपर्यंत उतरला. सेस्टर्शियस हे पितळेचे मोठे, जाड नाणे, साधारण २५ ग्रॅमचे. त्याच्या निम्म्या वजनाचा पितळी दुपोंडियस आणि दहा-अकरा ग्रॅमचा तांब्याचा अ‍ॅस. हिशेब असा: १ ऑरियस म्हणजे २५ देनारियस, १ देनारियस म्हणजे ४ सेस्टर्शियस किंवा १६ अ‍ॅस.

दुपोंडियस आणि अ‍ॅस जमिनीत राहून सारखेच हिरवे-तपकिरी होतात. तेव्हा डोके पाहा. नीरोपासून पुढे दुपोंडियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काट्यांचा मुकुट बहुधा असतो, अ‍ॅसवर पानांची माळ किंवा उघडे डोके.

तिसऱ्या शतकात सगळे बदलते. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये किरणमुकुटाचे नवे चांदीचे नाणे काढले, त्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. पन्नासेक वर्षांत त्यातली चांदी इतकी कमी झाली की ते तांब्याचेच नाणे झाले, वर नुसता चांदीचा मुलामा. त्यामुळे किरणमुकुट असलेले दोन-तीन ग्रॅमचे तांबूस नाणे हाती आले तर ते दुपोंडियस नाही, बहुतेक वेळा इ.स. २६० ते २९० च्या दरम्यानचे घसरलेले अँटोनिनियानस असते. चौथ्या शतकातल्या छोट्या तांब्याच्या नाण्यांसाठी प्रश्न ७ पाहा. सोन्यात ऑरियसची जागा कॉन्स्टन्टाइनच्या सॉलिडसने घेतली: एका रोमन पौंडात ७२, म्हणजे एकेक साडेचार ग्रॅमचा.

४. चेहरा कोणाचा आहे हे कसे ओळखायचे?

दाढीपासून सुरुवात करा. ऑगस्टसपासून ट्रेजनपर्यंत बहुतेक सम्राट गुळगुळीत दाढी केलेले. हेड्रियन (११७–१३८) हा पूर्ण दाढी ठेवणारा पहिला सम्राट, आणि त्याच्यानंतर शतकभर दाढीच दाढी. तिसऱ्या शतकातल्या सेनापती-सम्राटांचे केस बारीक कापलेले आणि दाढी खुंटांसारखी, ठशात छोट्या रेघांनी दाखवलेली. कॉन्स्टन्टाइनपासून पुन्हा साफ चेहरा. ज्युलियन (३६१–३६३) हा ठळक अपवाद, त्याने तत्त्ववेत्त्यासारखी दाढी राखली.

नीरोच्या शेवटच्या वर्षांतल्या नाण्यांवरची जाड मान आणि दुहेरी हनुवटी एकदा पाहिली की विसरत नाही. व्हेस्पेशियनचे कपाळ टकलापर्यंत गेलेले आणि चेहरा शेतकऱ्यासारखा रापलेला, खणखणीत. राण्यांच्या बाबतीत केशरचना हाच पुरावा: दोन फॉस्टिनांचे आणि ज्युलिया डोम्नाचे अंबाडे इतके वेगवेगळे आहेत की लेख पुसला असला तरी ओळख पटते. पण खात्री फक्त चेहऱ्यावरून करू नका, लेखाचे दोन-तीन तुकडे तरी जुळायला हवेत.

५. नाण्यावरचा लेख वाचता येत नाही. कुठून सुरू करू?

लेख बहुतेक वेळा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. पहिल्या शतकात याला अपवाद बरेच आहेत. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, शब्द तोडून लिहिलेले असतात, आणि ‘यू’ या अक्षराच्या जागी ‘व्ही’ असते.

भारतात खूप सापडणारे एक नाणे घेऊन पाहू: टायबेरियसचा (१४–३७) देनारियस. चेहऱ्याभोवती लिहिले आहे ‘टीआय सीझर डिव्ही ऑग एफ ऑगस्टस’. ‘टीआय’ म्हणजे टायबेरियस. ‘डिव्ही ऑग एफ’ म्हणजे देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र. ‘एफ’ हे फिलियस, म्हणजे मुलगा. शेवटचा ‘ऑगस्टस’ ही त्याची स्वतःची पदवी. म्हणजे एकाच ओळीत ऑगस्टस दोनदा येतो, एकदा बाप म्हणून आणि एकदा बिरुद म्हणून, आणि नवखे वाचक इथेच चुकून नाणे ऑगस्टसचे ठरवतात. मागच्या बाजूला ‘पॉन्टिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित, आणि खुर्चीवर बसलेली स्त्री: हातात राजदंड आणि फांदी. भिंगातून खुर्चीचे पाय पाहा. काही ठशांत ते साधे आहेत, काहींत नक्षीदार, आणि या फरकावरून अभ्यासक त्याच नाण्याचे गट पाडतात. हे नाणे आजच्या फ्रान्समधल्या ल्यों इथल्या टांकसाळीचे.

नेहमी येणारी बाकीची अक्षरे: ‘आयएमपी’ म्हणजे सेनापती-सम्राट, ‘कॉस’ म्हणजे कॉन्सुल (रोममधले सर्वोच्च वार्षिक पद), ‘टीआर पी’ म्हणजे लोकप्रतिनिधीचा अधिकार, ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता, आणि उशिराच्या नाण्यांवर ‘डी एन’, म्हणजे आमचे स्वामी. तांब्या-पितळेच्या नाण्यामागे ठळक ‘एस सी’ दिसले तर तो ‘सिनेटच्या ठरावाने’ याचा संक्षेप आहे.

जितकी अक्षरे नक्की दिसतात तितकीच लिहून घ्या, न दिसणाऱ्या जागी टिंबे द्या. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओक्रे’ या मोफत ऑनलाइन सूचीत असे तुकडे टाकले की सम्राटकाळातले जुळणारे प्रकार समोर येतात. प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी त्यांचीच वेगळी सूची आहे.

६. रोमन नाण्यावर साल असते का?

आपल्यासारखे नसते, पण पदव्यांवरून काढता येते. कॉन्सुलपद कितव्यांदा मिळाले तो आकडा ‘कॉस’पुढे येतो. ट्रेजनच्या नाण्यावर ‘कॉस’ पाचवे असेल तर ते १०३ ते १११ मधले, सहावे असेल तर ११२ नंतरचे. ‘टीआर पी’ हा अधिकार दरवर्षी नव्याने मिळे, म्हणून त्याच्यापुढचा आकडा असेल तर नाणे एका वर्षापर्यंत आणून ठेवता येते. हेड्रियनने मात्र ११९ मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सुल झाल्यावर ते पद पुन्हा घेतलेच नाही. त्यामुळे त्याच्या ‘कॉस ३’ वरून एवढेच कळते की नाणे ११९ ते १३८ मधले आहे, बाकी ठशाच्या शैलीवरून ठरवावे लागते.

७. नखाएवढे तांब्याचे नाणे आहे, मागे दोन सैनिक आणि मध्ये झेंडे. हे काय?

चौथ्या शतकातले, कॉन्स्टन्टाइनच्या घराण्याचे. लेख ‘ग्लोरिया एक्सेर्सिटस’, म्हणजे सैन्याचा गौरव. आधी दोन झेंडे असत, नंतर नाणे लहान झाले तसा एकच राहिला. लांडगीला पिणारी जुळी मुले असतील तर ते रोम शहराच्या नावाचे नाणे, दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा. सैनिक घोड्यावरून पडलेल्या शत्रूला भाला मारत असेल तर ते ३४८ नंतरचे.

या नाण्यांवर खाली, आडव्या रेघेच्या पलीकडे टांकसाळीची अक्षरे असतात: ‘एएनटी’ अँटिऑक, ‘एएलई’ अलेक्झांड्रिया, ‘एसआयएस’ सिस्किया, ‘टीआर’ ट्रियर. आसपासचे एखादे सुटे अक्षर टांकसाळीतल्या विभागाचे. मला व्यक्तिशः ही छोटी नाणी सर्वांत आवडतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गोलात सम्राट, संदेश, शहर आणि कारखान्याचा विभाग इतके सगळे मावलेले असते.

८. नाण्यावर ग्रीक अक्षरे आहेत. तरी ते रोमन असू शकते?

हो. साम्राज्याच्या पूर्वेकडची शेकडो शहरे आपापली नाणी पाडत आणि त्यांवर ग्रीक लिहीत. त्यांना प्रांतिक नाणी म्हणतात. इजिप्तमधली अलेक्झांड्रियाची नाणी ओळखायला सोपी: मागे ‘एल’सारखी खूण आणि तिच्यापुढे ग्रीक अक्षरांत सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष. प्रश्न ३ मधली वजने या नाण्यांना लागू होत नाहीत.

९. जुन्नर-नाशिक भागात मिळालेल्या चांदीच्या छोट्या नाण्यावर टोपीवाला चेहरा आणि ग्रीकसारखी अक्षरे आहेत. रोमन का?

नव्हे. दोन-सव्वादोन ग्रॅमचे, मागे तीन कमानींचा डोंगर किंवा बाण-वज्र आणि भोवती ब्राह्मी लेख असेल तर ते पश्चिमी क्षत्रप या पश्चिम भारतातल्या राजघराण्यांचे. त्यांनी चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे घेतली आणि पुढे ती नुसती नक्षी होऊन गेली. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या अशा नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. रोमन नसले म्हणून असे नाणे बाजूला टाकू नका, महाराष्ट्राच्या इतिहासासाठी ते जास्त मोलाचे आहे.

१०. आजीच्या माळेत सोन्याच्या पुतळ्या आहेत, त्यांवर परदेशी अक्षरे आणि माणसे आहेत. रोमन आहेत का?

बहुधा व्हेनिसच्या आहेत. एका बाजूला संतापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, नाणे अगदी पातळ. ही डुकाट नावाची नाणी व्यापारातून आली आणि आपल्याकडे इतकी रुजली की त्यांच्या देशी नकलाही भरपूर झाल्या. नकलेवरची अक्षरे बिघडून निरर्थक झालेली असतात. ऑरियस याच्या दुप्पट वजनाचा, जाड, आणि त्यावर मोठा ठसठशीत चेहरा.

११. रोमन नाणी भारतात आली कशी? महाराष्ट्रात सापडतात का?

मिरी, मलमल, मोती, रत्ने यांच्या बदल्यात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी माहितीग्रंथात भरूचला येणाऱ्या मालात रोमन सोन्या-चांदीची नाणी दिली आहेत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा होतो असेही लिहिले आहे. त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण, चौल, पैठण आणि तेर यांची नावे येतात. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली होती.

पण साठे सर्वांत जास्त मिळाले ते कोइमतूरच्या परिसरात आणि कृष्णेच्या खोऱ्यात. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या साठ्यात दीड हजारावर देनारियस होते. बहुतेक चांदी ऑगस्टस आणि टायबेरियसची आहे. नीरोने चांदी हलकी केल्यावर आपले व्यापारी तिला नाखूश झाले असावेत. महाराष्ट्रात बंदरे आणि बाजारपेठा इतक्या असूनही नाणी तुलनेने थोडीच मिळतात. ती इथे वितळवून क्षत्रपांची चांदीची नाणी पाडली गेली, असे एक मत आहे. चौथ्या-पाचव्या शतकातली तांब्याची रोमन नाणी मात्र करूर, मदुराई आणि श्रीलंकेत भरपूर आहेत.

१२. सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा खोल घाव आहे. नाणे खोटे की कोणी खराब केलेले?

भारतात सापडलेल्या नाण्यावर असा घाव असेल तर तो दोन हजार वर्षांपूर्वीचाच असण्याची शक्यता मोठी. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ ऑरियस सापडले, त्यांतल्या बहुतेकांवर असा घाव आहे, आणि तो नेमका चेहऱ्यावर. का, यावर एकमत नाही. आतून तांबे आहे का हे पाहण्यासाठी (प्रश्न १४), चलन म्हणून रद्द करून फक्त सोने म्हणून वापरण्यासाठी, की परक्या राजाचा चेहरा नाकारण्यासाठी? तपासणीसाठीच असता तर तो कडेला पुरला असता, म्हणून मला दुसरे कारण जास्त पटते.

घाव जुना की नवा हे भिंगातून कळते. जुन्या घावाच्या तळाशी आणि कडांना तोच रंग, तीच माती, तीच झीज असते जी बाकी नाण्यावर आहे. नवा घाव आतून चकाकतो आणि कडा बोटाला लागतात. असे नाणे ‘दुरुस्त’ करून घेऊ नका. घाव बुजवला की भारतातल्या त्याच्या प्रवासाचा एकमेव पुरावा गेला. छोटे ठसे, भोके किंवा वर जोडलेली कडी यांनाही हेच लागू. पुष्कळ रोमन नाणी इथे दागिना म्हणून गळ्यात गेली. तेर आणि कोंडापूरला तर रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकेही मिळाली आहेत.

१३. खरे-खोटे कसे ओळखायचे?

रोमन नाणी हाताने ठोकलेली आहेत: दोन ठशांच्या मध्ये तापवलेली चकती आणि वर हातोडा. त्यामुळे चित्र मध्यापासून सरकलेले, कडा असमान, कधी कडेला चीर, आणि अक्षरांच्या बाजूने धातू बाहेर वाहिल्याच्या बारीक रेषा. ओतीव नकलेत कडेला सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा, पृष्ठावर बारीक छिद्रे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरे. दोन नाण्यांवर ठसाच नव्हे तर ओरखडे, चिरा आणि कडेचा आकारही हुबेहूब सारखा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आलेली आहेत, यात शंका ठेवू नका.

अपवादही आहेत. प्रजासत्ताकाच्या सुरुवातीची जड तांब्याची नाणी खरोखरच ओतीव होती. काही देनारियसच्या कडेला करवतीसारखे दाते आहेत आणि तेही अस्सल आहेत. लोहचुंबकाला नाणे चिकटले तर खोटे समजा; न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. ठोकून बनवलेल्या चांगल्या नकलाही आहेत: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल बेकरने कोरलेले ठसे आजही जाणकारांना फसवतात.

सोनाराकडे नेले तर दोन गोष्टी सांगा: कसोटीवर घासायचे नाही, कापायचे नाही. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या) यंत्रावर ओरखडा पडत नाही, पण ते पृष्ठभागच मोजते. जुन्या हलक्या चांदीच्या नाण्यांत वरच्या थरात चांदी जास्त आणि आत तांबे जास्त असते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो. सोन्यासाठी पाण्यात तोलून घनता काढणे निरुपद्रवी आहे. ऑरियसची घनता १९ च्या आसपास यायला हवी.

आणि ‘पाया खणताना हंडा सापडला, गुपचूप स्वस्तात देतो’ असा कोणाचा फोन आला तर पैसे देऊ नका. दाखवायला आणलेले एक नाणे खरे असते, बाकी पितळ.

१४. चांदी उडून आतून तांबे दिसते. म्हणजे आजची नक्कल?

बहुधा त्या काळातली नक्कल. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा गुंडाळून ठोकलेले असे देनारियस रोमन बाजारातही फिरत होते. वजन हलके येते, लेखात चुका असतात. संग्रहात त्यांना मानाची जागा आहे, फक्त चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहा. हे तिसऱ्या शतकातल्या मुलाम्याच्या सरकारी नाण्यांपेक्षा वेगळे आहे (प्रश्न ३).

१५. घरी साफ करू का? चिंच, लिंबू, टूथपेस्ट?

नको, यातले काहीही नको. चिंच आणि लिंबातले आम्ल तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर खाते. तो थर म्हणजे मळ नाही. धातूचा वरचा भागच शतकानुशतके बदलून खनिज झालेला आहे, आणि पुष्कळदा अक्षरांचा बारीक तपशील त्या थरातच उरलेला असतो, खालच्या धातूत नाही. थर गेला की अक्षर गेले. टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर यांत घासणारे कण असतात. सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलची युक्ती, चांदी चमकवणारे द्रव, अल्ट्रासॉनिक यंत्र, बॅटरीचे विद्युत-विघटन, यांतले काहीच घरी करू नका. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवण्याचा जुना सल्लाही सोडून द्या. तेलातली आम्लेही तांब्यावर हळूहळू काम करतात.

सुटी माती असेल आणि नाणे भक्कम असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मऊ झालेली माती बांबूच्या काडीने किंवा मऊ ब्रशने भिंगाखाली काढा, नंतर पूर्ण कोरडे करा. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असते. प्रश्न १६ मधली पावडर किंवा भेगा दिसत असतील तर एवढेही करू नका.

१६. हिरवा रंग चांगला म्हणता, मग पोपटी पावडर का वाईट?

कारण तो गंज जिवंत आहे. स्थिर थर घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी असतो, टोचणीने हलत नाही. फिकट पोपटी, भुसभुशीत ठिपके आणि काडी लावताच पावडर पडणे म्हणजे तांब्याचा क्लोराइड-रोग. जमिनीतल्या मिठातून क्लोराइड नाण्यात शिरलेले असते. हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यापासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते पुढचे तांबे खाते, पुन्हा क्लोराइड तयार होते, आणि हे चक्र चालू राहते. नाणे एका पावसाळ्यात खड्ड्यांनी भरू शकते.

सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली तर ही क्रिया जवळपास थांबते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर जाते, म्हणून तिथल्या संग्राहकांनी हा प्रश्न फारच गांभीर्याने घ्यावा.

घरी इतकेच करा: नाणे बाकीच्यांपासून वेगळे करा, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू शास्त्रीय पद्धतीने जपणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. संवर्धक पावडर यांत्रिक पद्धतीने काढतो, क्लोराइड बाहेर काढण्यासाठी रसायनात भिजवतो, बेंझोट्रायाझोल नावाच्या द्रव्याने तांबे स्थिर करतो आणि वर संरक्षक मेण किंवा लाखेसारखा लेप देतो. बेंझोट्रायाझोल विषारी आहे, ते मागवून स्वयंपाकघरात प्रयोग करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, आणि केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा लखनौला आहे.

१७. चांदीचे नाणे काळे पडले आहे. आणि ते खरेच तुटते का?

काळेपणा हा गंधकामुळे आलेला पातळ थर, तो राहू द्या. खरा धोका आतला आहे: जुन्या चांदीत धातूच्या कणांच्या सीमांवर बदल होऊन ती ठिसूळ होते. बाहेरून धडधाकट दिसणारा देनारियस टेबलावरून पडून दोन तुकडे होतो. वाकलेले नाणे सरळ करण्याचा प्रयत्न तर कधीच नको. राखाडी, मेणचट थर असेल तर तो चांदीचा क्लोराइड, त्याला तज्ज्ञाशिवाय हात लावू नका. सोने गंजत नाही, पण मऊ असते. पुसताना कापडातल्या धुळीनेही ओरखडे येतात.

१८. साठवायचे कशात?

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये नाही. ते पीव्हीसी असते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे, नाहीतर आम्लमुक्त कागदाची पाकिटे घ्या. प्रत्येक नाणे स्वतंत्र. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर आणि मखमल दूर ठेवा, त्यांतले गंधक चांदी काळी करते. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ येते, महोगनी चालते. लोखंडी कपाटात घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल घाला आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. डब्यात आर्द्रतामापक ठेवा, अंदाजावर राहू नका.

१९. शेतात नाणी सापडली. कोणाला सांगायचे? ठेवून घेतली तर?

भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली तर काय, किती, कुठे आणि कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर शिक्षा आहे. तलाठ्यामार्फत कळवा आणि अर्जाची पोच घ्या. कळवेपर्यंत त्या जागी आणखी खणू नका.

विकत घेतलेल्या नाण्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. १०० वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू आहे, ती विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला कुरिअरने ‘भेट’ पाठवणे हाही गुन्हाच.

२०. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे धातुशोधक घेऊन फिरायला जमिनीच्या मालकाची परवानगी पुरते का?

परवानगी हवीच, पण ती पुरत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार एकाच साठ्यातली ३०० वर्षांवरची सोन्या-चांदीची किमान दोन, किंवा हलक्या धातूची किमान दहा नाणी सापडली तर १४ दिवसांत कळवावे लागते. एकटे नाणे सहसा कायद्यात येत नाही, तरी पोर्टेबल अँटिक्विटीज योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा, नोंद मोफत होते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

२१. माझ्या नाण्याची किंमत किती?

फोटोवरून किंमत सांगत नाही. इतकेच सांगता येते की वय आणि किंमत यांचा थेट संबंध नाही. चौथ्या शतकातली तांब्याची नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली होती आणि आजही युरोपात ती स्वस्तात मिळतात. दुर्मीळता, स्थिती आणि मागचा कागदोपत्री इतिहास या तीन गोष्टींवर किंमत ठरते, आणि घासून चमकवलेल्या नाण्याची ती घसरते.

२२. नाण्यासोबत काय लिहून ठेवावे?

कुठे आणि कसे मिळाले हे आधी, बाकी नंतर. सम्राट आणि टांकसाळ पन्नास वर्षांनीही नाण्याकडे पाहून कळेल. सापडल्याची जागा एकदा विसरली की ती कोणत्याही यंत्रातून परत मिळत नाही.

इंग्लंडमधल्या फ्रोमला २०१० मध्ये एका हौशी शोधकाला मडके लागले. त्याने ते स्वतः न उपसता पुरातत्त्वज्ञांना बोलावले. आत ५२,५०३ नाणी होती, ती थराथराने काढली गेली, आणि सर्वांत उशिराची, म्हणजे ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित करणाऱ्या कॅरॉसियसची नाणी मडक्यात खोलवरही मिळाली. यावरून मडके वर्षानुवर्षे थोडेथोडे भरत गेलेले नसून एकाच वेळी भरलेले असावे असे दिसले. मडके ओतून नाणी धुतली असती तर हे कधीच कळले नसते.

म्हणून चिठ्ठीवर लिहा: गाव, शेताचा गट क्रमांक, खोली, सोबत काय होते (खापर, मणी, दुसरी नाणी), तारीख, विकत घेतले असेल तर विक्रेता आणि पावती, वारशाने आले असेल तर घरातल्या कोणाकडून. मग वजन, व्यास, दिशा, वाचलेली अक्षरे, सूचीतला क्रमांक. आम्लमुक्त कागद आणि शिसपेन्सिल वापरा, बॉलपेनची शाई ओलीने पसरते. एक प्रत नाण्याच्या पाकिटाजवळ, एक फोटोंसोबत वेगळ्या जागी ठेवा.